आधी पडदा, मग शिडी: पवनचक्कीच्या पोरांना सिम्युलेटर सक्तीचा करावा का?

डोंगरवारा
साताऱ्याच्या पठारांवर १३ वर्षं मशिनं सांभाळली, आता नव्या पोरांना शिकवतो. माझं म्हणणं सरळ आहे. आयटीआय करून आलेल्या पोराला सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकली मशिनवर, ठरावीक फॉल्ट शोधता येत नाहीत तोवर त्याला नॅसेलमध्ये (टॉवरच्या डोक्यावरच्या यंत्रखोलीत) पाठवूच नये.

का ते सांगतो. आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम मे ते सप्टेंबर. सर्व्हिसिंग आपण वारा पडलेल्या महिन्यांत उरकतो आणि पोरं शिकतात तीही तेव्हाच, निवांत मशिनवर. पहिला खरा ब्रेकडाऊन मात्र वाट्याला येतो आषाढात, धुक्यात, कंट्रोल रूमचा फोन सारखा वाजत असताना. वारा दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, त्यामुळे त्या दिवसांत बंद मशिनचा एकेक तास मालकाला टोचतो. घाई तिथून खाली झिरपते.

माझीच गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष, पावसाळा, कन्व्हर्टरचं (मशिनची वीज ग्रिडजोगी करणाऱ्या यंत्राचं) पॅनेल. ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, टॅग लावला, सगळं वहीप्रमाणे. पण वीज तोडली तरी त्याच्या आतले, डीसी लिंकचे वीज साठवणारे कपॅसिटर भरलेलेच असतात, ते उतरेपर्यंत काही मिनिटं थांबायचं असतं. दारावर तसा स्टिकरही होता. मी थांबलो नाही. मीटर लावायच्या आधीच हात पुढे गेला आणि सिनियरने हार्नेसला धरून मागे खेचलं. शिव्या घालून झाल्यावर त्याने मीटर लावून दाखवला. आत अजून चारशेच्या वर व्होल्ट होते.

पडद्यावर हीच चूक पोरगं दहादा करेल, पडदा लाल होईल आणि ते संध्याकाळी घरी जाऊन जेवेल. मला एवढंच हवंय.

आणि काही गोष्टी खऱ्या मशिनवर करून दाखवताच येत नाहीत. भर वाऱ्यात ग्रिड गेली आणि एका पात्याच्या पिच बॅटऱ्या (ग्रिड नसताना पातं वळवून मशीन थांबवणाऱ्या) मेलेल्या निघाल्या, हे कोण मुद्दाम घडवून आणणार?

लोखंडी_शिडी
असहमत, आणि जोरात असहमत.

दादा, तुमच्या गोष्टीत तुम्हाला वाचवलं कोणी? शेजारी उभ्या असलेल्या माणसाने. सिम्युलेटर आला की सगळ्यात आधी कापला जातो तो हाच माणूस. 'पोरगं तयार होऊन आलंय, सिनियर कशाला दोन महिने अडकवायचा?' हे वाक्य मी मीटिंगमध्ये ऐकलंय.

गेल्या वर्षी आमच्या साइटवर एक पोरगा आला. व्हीआरचा (आभासी दृश्य दाखवणारा) चष्मा लावून त्याने हबमधलं (पाती जिथं जोडतात त्या गाभ्यातलं) काम म्हणे चाळीस वेळा केलं होतं. तोंडी परीक्षेत आम्हालाच गार केलं. शिडीवर मात्र दुसऱ्या प्लॅटफॉर्मला बसला तो उठेना. टॉवर हलतो हे त्याला माहीत होतं, पण हलणारा टॉवर पोटाला कसा लागतो हे कुठल्या चष्म्यातून कळणार? ओकला बिचारा. त्यात त्याचा दोष नाही, त्याला 'तयार' म्हणून पाठवणाऱ्यांचा आहे.

दुसरं, रोटर लॉक, म्हणजे काम करताना पाती फिरू नयेत म्हणून घालायची पिन. चष्म्यात बटण दाबलं की पिन खट्‌कन बसते. खऱ्यात पिनसमोर डिस्कचं भोक यावं लागतं. एक जण ब्रेकवर, दुसरा टॉर्च मारून भोकाकडे डोळे लावून. रोटर सरकतो, 'ये, ये, ये… धर!' म्हणेपर्यंत बोटभर पुढे गेलेला असतो. मग पुढच्या भोकाची वाट बघा. वाऱ्याला झोत असेल तर पाऊण तास यातच जातो. दोघांची लय जमली नाही तर बोटं जातात. ही लय कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे?

किलोवॅट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पण एक विचारतो, विमानाचे पायलट सिम्युलेटरवरच शिकतात ना? नवीन जातीच्या विमानावर जायचं तर आधी तिथेच तास भरतात. तिथे चालतं, मग इथे का नको?

लोखंडी_शिडी
@किलोवॅट, पायलटचा सिम्युलेटर सहा पायांवर हलतो, आतली कॉकपिट त्याच विमानाची असते आणि सरकारी यंत्रणा प्रत्येक सिम्युलेटर तपासून मान्यता देते. आमच्याकडे चष्मा आणि दोन रिमोट येतात. 'सिम्युलेटर' म्हटलं की दोन्ही एकच होत नाहीत.

पिच_९०
डोंगरवारा, एक दुरुस्ती. एक पातं अडकलं तरी बाकीची दोन फेदर झाली (वाऱ्याला कड देऊन वळली) की मशीन थांबतं, रचनाच तशी असते. तिन्ही पात्यांच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या ठेवतात त्या याचसाठी. धोका आहे तो एकाची बॅटरी गेलीय हे महिनोन् महिने कळलंच नाही आणि तोवर दुसऱ्याचीही गेली, यात. त्यामुळे पोरांना पडद्यावर सर्वनाश दाखवू नका, बॅटरी टेस्टचा कंटाळवाणा लॉग वाचायला शिकवा.

आणि हे सगळं नव्या मशिनांचं झालं. जुन्या स्टॉल मशिनांत पातं वळतच नाही, फक्त टोकं वळून ब्रेक लागतो. त्यांचं मॉडेल कोण बनवणार? काहींच्या तर मूळ कंपन्याही उरल्या नाहीत. भंगारातून सुटे भाग आणून चालवतो आम्ही.

डोंगरवारा
@पिच_९०, दुरुस्ती मान्य. उदाहरण देण्याच्या भरात वाहवलो. पण तुमचा लॉगचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे! सहा महिन्यांचा घसरता व्होल्टेज पोराला अर्ध्या तासात दाखवायचा तर सिम्युलेशनच लागेल की.

@लोखंडी_शिडी, सिनियर कापतात हा राग रास्त आहे, पण तो यंत्रावर का काढता?

आयटीआयवाली
धुळ्याकडे इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवते. साक्री भागातली पोरं ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघत मोठी होतात, त्यातल्या बऱ्याच जणांना तिथंच काम हवं असतं. तुम्ही दोघं चष्म्यावर भांडताय, आमच्याकडे चष्मा नाहीच.

आम्ही काय केलं? एक जुना पीएलसी (मशीन चालवणारा छोटा नियंत्रक), संगणकावर चालणारं मशिनचं साधं मॉडेल आणि पुठ्ठ्यावर लावलेले दिवे. वाऱ्याचा वेग मी फिरवते, पोरं अलार्म वाचतात. यॉची, म्हणजे नॅसेल वाऱ्याकडे वळताना पिळणारी, केबल पिळली, मशीन उलटं फिरून ती सोडवतंय, पोरं म्हणतात 'मॅडम, बिघडलं'. बिघडलं नाही रे, ते त्याचं काम करतंय! एवढं कळायला त्यांना आठवडा लागतो. हा आठवडा तुमच्या टॉवरच्या पायथ्याशी कोण देणार आहे? त्यामुळे माझं मत डोंगरवारांना. फक्त 'सक्ती' शब्द काढा. सक्ती आली की प्रमाणपत्राचं दुकान येतं.

लोखंडी_शिडी
ताई, तुमच्या पुठ्ठ्याला माझा सलाम, खरंच. त्यात कोणी 'हा वर चढायला तयार आहे' असं लिहून देत नाही, हा फरक आहे.

सुटकेचं सांगतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या ओल्टगेन्सप्लाटला चालू कामात नॅसेल पेटली. दोन तरुण मेकॅनिक वर अडकले आणि गेले. अशा वेळी दोर आणि डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) काढून बाहेर पडायचं ते हातांच्या सवयीने, तिथं विचार करायला वेळ नसतो. उंचीवरच्या कामाचं जीडब्ल्यूओ या जागतिक पवनऊर्जा संस्थेचं प्रमाणपत्र २४ महिन्यांनी संपतं ते उगाच नाही, हात विसरतात. नवी मशिनं १२०-१४० मीटरवर गेलीत. तिथून दोरावर उतरणं मला रिमोटवर शिकवू नका.

डोंगरवारा
ते कोण शिकवतंय रिमोटवर? दोर, शिडी, हार्नेस, रोटर लॉक, बोल्टचं टॉर्किंग हे सगळं खऱ्यावरच. मी बोलतोय ते डोक्याच्या कामाबद्दल: कुठली वीज कुठून येते, काय आधी तोडायचं, किती थांबायचं, अलार्म खरा की सेन्सर खोटा. आणि सिम्युलेटरचे तास धरून सिनियरसोबतचे दिवस कापले तर त्या कागदावर मी सही करणार नाही. आजवर दोनदा केलेली नाही.

लोखंडी_शिडी
मग हे धाग्यात वरच लिहायचं होतं. अर्धं भांडण वाचलं असतं. सक्तीला माझा विरोध तरीही कायम.

आयटीआयवाली
त्या ओकलेल्या पोराचं पुढे काय झालं?

लोखंडी_शिडी
आहे की अजून. तीन दिवस शिडीच्या पहिल्या टप्प्यावर नुसता बसवून ठेवला, चौथ्या दिवशी आपण होऊन चढला. आता जेवायला खाली उतरायचा कंटाळा करतो, डबा वर घेऊन जातो. आणि हो, अलार्म माझ्याआधी ओळखतो. हे डोंगरवारांना सांगू नका.