मदत हवी आहे: संत्र्याच्या सालीच्या टीएलसीत हेस्पेरिडिन जागचं हलत नाही

कोराडी_रोड (धागाकर्ती)
नमस्कार. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. नागपुरी संत्र्याच्या सालीचा मेथनॉल एक्स्ट्रॅक्ट केला आणि टीएलसीवर (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) सालीतलं हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड दाखवायचं आहे. प्लेटवर खालपासून अर्ध्यापर्यंत नुसता लांबलचक पट्टा येतो, स्पॉट असा दिसतच नाही. स्टँडर्ड (तुलनेसाठीचं शुद्ध हेस्पेरिडिन) बेसलाइन, म्हणजे जिथे लावलं ती रेघ, सोडत नाही. कडेच्या लेन वर पळतात, मधल्या मागे राहतात. २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली तर काहीच दिसत नाही. गाइड म्हणतात, पुन्हा करून बघ. सोमवारी प्रेझेंटेशन आहे. कोणता सॉल्व्हंट घेऊ तेवढं सांगा, प्लीज. थिअरी नको, ती वाचून झाली आहे.

जुनी_सिलिका
आत्ता कोणता सॉल्व्हंट वापरताय तेच लिहिलं नाहीत. प्लेट विकतची की हाताने केलेली? सिलिका जी की जीएफ? स्टँडर्ड कशात विरघळवलं? स्पॉट किती वेळा लावता? साल आधी डीफॅट केली होती का, म्हणजे तेल-मेण काढलं होतं का?

क्यूसी_बुटीबोरी
टीएलसीवर वेळ घालवू नका. एचपीटीएलसीला (यंत्रावरची टीएलसी) द्या. नमुना ऑटोमॅटिक स्प्रेने लागतो, डेन्सिटोमीटरने स्कॅन होतं, ग्राफ मिळतो. हाताने लावलेल्या स्पॉटवर आजकाल कोणी विश्वास ठेवत नाही.

जुनी_सिलिका
@क्यूसी_बुटीबोरी, चुकीच्या मोबाइल फेजमध्ये (प्लेटवर चढणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये) एचपीटीएलसीसुद्धा बेसलाइनवर बसलेला स्पॉटच स्कॅन करून देईल. आधी त्यांना उत्तर देऊ द्या.

काटोलवाला
ताई, मी संत्र्याचा शेतकरी हाय. तुमच्या प्लेटीचं मले समजत नाही, पन साल कोन्त्या बहाराची घेतली ते सांगा. मिरगाचा माल फेब्रुवारी-मार्चात सरला. आता मे महिन्यात आंब्या बहाराची बारकी हिरवी फयं उन्हानं गयून झाडाखाली पडून रायतात, ते कोनी इचारत नाही.

कोराडी_रोड
साल कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्यांची, मार्चमध्ये सावलीत वाळवलेली. मोबाइल फेज हेक्झेन : इथाइल ॲसिटेट ७:३, आमच्याकडे सगळे हाच वापरतात. प्लेट काचेवर स्लरी ओतून करतो, सिलिका जेल जी. स्टँडर्ड मेथनॉलमध्ये, थोडं तळाला राहतं. चेंबर म्हणजे बीकर, वर वॉच ग्लास. स्पॉट चार-पाचदा लावते, नीट दिसावा म्हणून. डीफॅट केलेलं नाही. आता सांगा.

जुनी_सिलिका
आता बोलता येईल. तुमची तक्रार एक नाही, चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

हेस्पेरिडिन म्हणजे हेस्पेरेटिनला जोडलेली रुटिनोज साखर. साखर आली की रेणू कमालीचा पोलर होतो आणि सिलिकाला घट्ट धरून बसतो. हेक्झेन-इथाइल ॲसिटेटमध्ये त्याला वर उचलायची ताकदच नाही. त्या सिस्टीममध्ये सालीच्या तेलातलं लिमोनीन थेट फ्रंटला, म्हणजे सॉल्व्हंट पोहोचतो त्या वरच्या टोकाला जाईल, मेण-तेल वर जाईल आणि तुमचं ग्लायकोसाइड (साखर जोडलेला रेणू) खालीच राहील. फ्लॅव्होनॉइड ग्लायकोसाइडसाठी इथाइल ॲसिटेट : फॉर्मिक ॲसिड : ग्लेशिअल ॲसिटिक ॲसिड : पाणी, १००:११:११:२६. लहान चेंबरला १० मिली, १.१, १.१ आणि २.६ घेतलं की १५ मिलीच्या आसपास होतं. चांगलं हलवून एकजीव करा आणि रोज ताजं करा.

पट्टा येतो तो जास्त माल लावल्यामुळे. त्यातून डीफॅट न केलेल्या एक्स्ट्रॅक्टमध्ये तेल, मेण, साखर सगळंच आलं. सालीची पावडर सॉक्सलेटमध्ये पेट्रोलियम ईथरने धुऊन काढा, साल वाळवा, मगच मेथनॉल. स्पॉट दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. दुसऱ्यांदा लावायचाच असेल तर पहिला पूर्ण वाळू द्या.

कडा पळतात कारण चेंबरमध्ये वाफ भरलेली नाही. कडेकडून सॉल्व्हंट उडतो, त्याची भरपाई म्हणून तिथे खालून जास्त ओढला जातो. नागपूरच्या मे महिन्यात वॉच ग्लास झाकलेल्या बीकरमध्ये दुसरं काही होणार नाही. आतल्या बाजूने फिल्टर पेपर लावा, तो सॉल्व्हंटने भिजवा, घट्ट बसणारं झाकण ठेवा, अर्धा तास थांबा आणि मगच प्लेट सोडा. सॉल्व्हंटची पातळी स्पॉटच्या खाली हवी, हे सांगायला नकोच.

राहिलं २५४. जी म्हणजे जिप्सम, थर काचेला धरून ठेवायला. त्यात चमकणारा इंडिकेटर नसतोच. २५४ खाली हिरव्या पार्श्वभूमीवर काळा डाग दिसायला जीएफ २५४ लागते. जी प्लेटवर ३६६ बघा आणि नंतर रिएजंट मारा.

क्यूसी_बुटीबोरी
मुख्य मुद्दा सुटला. प्लेट ॲक्टिव्हेट केली का? १०५ ते ११० डिग्रीला अर्धा तास ओव्हन, मग डेसिकेटर. लॅबमध्ये कूलर लावला असेल तर बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच प्लेट ओलावा पकडते. आमच्याकडे निम्मे फेल रन यामुळे होतात.

जुनी_सिलिका
हेक्झेनच्या सिस्टीमसाठी हे अगदी बरोबर आहे. पण वरच्या मोबाइल फेजमध्येच पाणी आहे. तिथे ॲक्टिव्हेशनने फारसा फरक पडत नाही.

क्यूसी_बुटीबोरी
फरक पडतो. आरएफ (सॉल्व्हंटच्या तुलनेत स्पॉट किती वर चढला ते प्रमाण) प्लेटगणिक बदलतो. रिपीट करता न येणारा रन ऑडिटमध्ये टिकत नाही.

जुनी_सिलिका
म्हणूनच आरएफ पुस्तकातून जुळवायचाच नाही. एकाच प्लेटवर तीन लेन: स्टँडर्ड, एक्स्ट्रॅक्ट आणि मधली दोन्ही एकावर एक. मधल्या लेनमध्ये स्पॉट फुटून दोन झाले नाहीत तरच पुढचं बोलायचं. हवा कशीही असो, तिघांनाही तीच मिळते.

निवृत्त_प्रयोगशाळा
आमच्या वेळी फ्लॅव्होनॉइड म्हटलं की पेपर क्रोमॅटोग्राफी. बुटॅनॉल : ॲसिटिक ॲसिड : पाणी, ४:१:५, सेपरेटिंग फनेलमधला वरचा थर घ्यायचा. रात्रभर सोडा, सकाळी सुरेख वेगळे झालेले डाग मिळतात. ना ओव्हन, ना डेसिकेटर. मुलांनी हे एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. टीएलसी आणि संत्रं यांचं नातं जुनं आहे. १९३८ मध्ये खारकीवला इझ्माइलोव्ह आणि श्रायबर यांनी काचेवर ॲल्युमिनाचा पातळ थर देऊन वनस्पतींची टिंक्चर तपासली. पण सिलिकाचा थर बाइंडरने काचपट्टीवर बसवून त्यावर टर्पीन वेगळे केले ते अमेरिकेत किर्चनर, मिलर आणि केलर यांनी, १९५१ मध्ये, आणि त्यांचं मूळ काम लिंबूवर्गीय फळांच्या स्वादावर होतं. एगॉन श्टाल यांनी पुढे १९५८ च्या सुमारास जिप्समवाली सिलिका आणि थर देण्याची पद्धत पक्की केली. तुमच्या बाटलीवरचा तो 'जी' तिथून आलेला आहे.

मेडिकल_महाल
हेस्पेरिडिन खूप उपयोगी आहे. मूळव्याधीच्या गोळीत डायोस्मिन ४५० आणि हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम असतं. आमच्याकडे रोज जाते. सालीचा काढा करून घेतला तर चालतो का, असं गिऱ्हाईक विचारतात. जाणकारांनी सांगावं.

जुनी_सिलिका
काढ्याच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचा प्रश्न हरवेल. तसंही हेस्पेरिडिन पाण्यात फारच कमी विरघळतं.

कोराडी_रोड
पेपरला रात्रभर नाही लावू शकत, लॅब पाचला बंद होते. स्टँडर्ड तळाला राहतं त्याचं काय? कोणी डीएमएसओ हा सॉल्व्हंट घे म्हणतं.

क्यूसी_बुटीबोरी
डीएमएसओ. शंका नको. पूर्ण विरघळतं.

जुनी_सिलिका
विरघळतं, पण प्लेटवरून उडत नाही. स्पॉटखाली ओला डाग राहतो आणि त्यानेच शेपूट येतं. अगदी थेंबभर डीएमएसओत विरघळवून मेथनॉलने भरपूर पातळ करा. नाहीतर कोमट मेथनॉलमध्ये पातळ द्रावण करा आणि वरचं स्वच्छ तेवढंच लावा. टीएलसीला फार माल लागत नाही.

काटोलवाला
कोनी माझ्या फयाचं सांगतलं नाही. हिरव्या गयलेल्या फयात हे जास्त रायते का?

जुनी_सिलिका
हो भाऊ, आणि तो मुद्दा महत्त्वाचा आहे. कोवळ्या, न पिकलेल्या फळात हेस्पेरिडिनचं प्रमाण पिकलेल्या फळापेक्षा जास्त असतं. ताईंना जमलं तर ती फळं वाळवून एक लेन वाढवावी. नागपूरच्या प्रोजेक्टमध्ये नुसत्या बाजारातल्या सालीपेक्षा गळालेल्या फळाची लेन शेजारी असेल तर त्या प्लेटला काही अर्थ आहे. फळांवर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते मात्र त्यांना सांगा, त्याचेही स्पॉट येऊ शकतात.

काटोलवाला
पाठवतो जी. शनवारी बुट्टीभर कळमन्याले येऊन रायली. फवारनीची वही बी हाय.

कोराडी_रोड
काका, चालेल, मी कळमन्याला येऊन घेते.
नवीन सिस्टीमने रन केला. साल डीफॅट करून, पेपर लावून, अर्धा तास थांबून. स्टँडर्ड बेसलाइन सोडून वर आलं! ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक मारून तापवल्यावर तिन्ही लेनमध्ये एकाच उंचीवर स्पॉट आहे, मधल्या लेनमध्ये फुटलेला नाही. कडा सरळ. पण स्प्रे मारायच्या आधी ३६६ खाली फ्रंटजवळ निळं चमकणारं काहीतरी होतं, फक्त एक्स्ट्रॅक्ट असलेल्या लेनमध्ये. ते काय? आणि फ्लॅव्होनॉइडच आहे हे दाखवायला एनपी रिएजंट (फ्लॅव्होनॉइड ओळखायचा स्प्रे) आमच्याकडे नाही.

क्यूसी_बुटीबोरी
एनपी मागवा. त्याशिवाय रिपोर्ट अपुरा.

जुनी_सिलिका
सोमवारपर्यंत कुठून येणार? मेथनॉलमध्ये १ टक्का ॲल्युमिनियम क्लोराइड करा, ते लॅबमध्ये असतंच. नवी प्लेट घ्या, ॲनिसाल्डिहाइड मारलेली नको. रन झाल्यावर फ्यूम हूडमध्ये ॲसिडचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा, मग हलका स्प्रे, आणि ३६६ खाली बघा. हेस्पेरिडिनला पाचव्या जागी हायड्रॉक्सिल आणि शेजारी कार्बोनिल आहे, ॲल्युमिनियम तिथे धरतं आणि चमक बदलते. स्प्रेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो त्याच उंचीवरून काढा.

निळं बहुधा नोबिलेटिन, टँजेरेटिनसारखं पॉलिमेथॉक्सी फ्लॅव्होन असेल. त्यांना साखर नाही, म्हणून ते या सिस्टीममध्ये वर धावतात. पण स्टँडर्ड नसताना नाव लिहू नका. 'अनोळखी, ३६६ खाली निळी चमक' एवढंच लिहा. हेस्पेरिडिनच्या ओळीतही 'स्टँडर्डशी जुळणारा स्पॉट' असंच लिहा, कारण संत्र्यात नॅरिरुटिन असतं, तेही रुटिनोजवालंच, आणि ते याच्या जवळपास येऊ शकतं. परीक्षकांनी हे विचारलं तर दुसऱ्या मोबाइल फेजमध्येही जुळतं का ते बघितलं, असं सांगता यायला हवं. त्यासाठी निवृत्त_प्रयोगशाळा सरांचं बुटॅनॉल-ॲसिटिक-पाणी सिलिकावरही चालतं, ४:१:१ घ्या. वेळ बराच घेतं, तेव्हा सकाळी लॅब उघडल्या उघडल्या लावा.