जी थर्टीनचे सात सूर सहा तारांवर बसवायचे कसे?

बारकॉर्ड_वैतागलेला: गिटारवर साधे मेजर, मायनर, सेव्हन्थ कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) येतात. आता एका सॅक्सोफोनवाल्या मित्राने कागद दिलाय: डी मायनर नाइन, जी थर्टीन, सी मेजर नाइन. जी थर्टीन जीपासून एकाआड एक मोजला तर जी, बी, डी, एफ, ए, सी, ई. सात सूर! तारा सहा, बोटं चार. करंगळी दुखायला लागली.

जुना_ऑर्केस्ट्रावाला: अहो, सगळे वाजवायचेच नसतात. आधी डी काढा, कुणाला कळणारही नाही. सी तर ठेवूच नका, तो जीचा मध्यम, म्हणजे इलेव्हन; गंधाराला, म्हणजे बीला खेटून बोचतो. बी आणि एफ मात्र सोडायचे नाहीत, कॉर्डचा जीव त्या दोघांत. वर ई, म्हणजे जीपासून तेरावा सूर, आला की थर्टीन झालं. सहावी (सगळ्यात जाड) तार तिसरा फ्रेट (दांडीवरचा खण), चौथी तिसरा, तिसरी चौथा, दुसरी पाचवा. बास गिटारवाला असेल तर खालचा जीसुद्धा त्यालाच देऊन टाका. जॅझवाल्या काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ साली आलेला गिटारवाला फ्रेडी ग्रीन कित्येकदा दोन-तीन सुरांवर भागवायचा, आणि आपण सातांसाठी रडतोय.

आता त्याआधीचा डी मायनर नाइन: पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तिसरा, तिसरी पाचवा, दुसरी पाचवा. तिथून जी थर्टीनला जाताना करंगळी उचलू नका.

बारकॉर्ड_वैतागलेला: काका, खालचा बासचा सूर सोडला तर फक्त तिसऱ्या तारेवरचा सी एक फ्रेट खाली बीवर आला! बाकी दोन सूर जागेवरच. इतके दिवस अख्खा पंजा उचलून आपटत होतो. पण जी थर्टीनला मधली पाचवी तार खणखणते.

जुना_ऑर्केस्ट्रावाला: तर्जनीचं टोक तिला नुसतं टेकवा. किंवा पिक ठेवून द्या, अंगठा आणि तीन बोटांनी छेडा. पुढे सी मेजर नाइन: पाचवी तार तिसरा फ्रेट, चौथी दुसरा, तिसरी चौथा, दुसरी तिसरा. बी तसाच राहतो.

पेटीवाली: मग मायनर इलेव्हन कसा चालतो? त्यातही मध्यम असतोच की.

जुना_ऑर्केस्ट्रावाला: तिथे गंधार कोमल ना! मध्यमापासून दोन फ्रेट लांब. मेजरवर मध्यम हवाच असेल तर तीव्र घ्या. सी मेजर सेव्हन शार्प इलेव्हन: पाचव्या तारेपासून दुसरीपर्यंत फ्रेट तीन, चार, चार, पाच. सा, तीव्र म, नी, ग.

पेटीवाली: म्हणजे यमनचेच सूर! आत्ता पेटीवर पांढरी एक धरून चौघे एकदम दाबले. गुरुजींना सांगणार नाही.