मार्सेयचं नाव छावणीवरून काढलं, ते योग्यच झालं

हॅम्बुर्गकर (धागाकर्ता)

हॅम्बुर्गजवळ आपेन नावाचं गाव आहे. तिथल्या हवाई दलाच्या छावणीला सत्तरच्या दशकापासून हान्स-योआखिम मार्सेय या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ वैमानिकाचं नाव होतं. २०२१ मध्ये ते काढून युर्गेन शुमान यांचं दिलं. शुमान म्हणजे १९७७ साली अपहरण झालेल्या लुफ्थान्साच्या विमानाचे कॅप्टन. एडनला उतरल्यानंतर अपहरणकर्त्यांनी त्यांना गोळी घातली. युद्धइतिहासाची आवड असलेल्या मराठी मंडळींत या बदलाबद्दल अजून हळहळ ऐकू येते, म्हणून हा धागा.

मार्सेयची लढाऊ कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवर सुरू झाली आणि ३० सप्टेंबर १९४२ ला इजिप्तच्या वाळवंटात संपली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. नावावर १५८ विमानं, त्यातली १५१ उत्तर आफ्रिकेतली. सगळे या आकड्यापाशी थांबतात. त्या पाडावात बॉम्बर किती होते हे कुणी विचारत नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! बाकी सगळी लढाऊ विमानं, बहुतेक कर्टिसची टोमाहॉक आणि किटीहॉक.

१ सप्टेंबर १९४२ घ्या. एका दिवसात सतरा विमानं पाडल्याचा त्याचा दावा त्याच दिवसाचा. खाली जमिनीवर तेव्हा इजिप्तमध्ये आलम हल्फाची लढाई चालू होती. जर्मन सेनापती रोमेलच्या रणगाड्यांवर आणि रसदीच्या ट्रकांवर ब्रिटिशांचे बॉम्बर रात्रंदिवस बॉम्ब टाकत होते. रोमेलच्या हाताखालच्या आफ्रिका कोअरचा सेनापती नेह्रिंग हवाई हल्ल्यातच जखमी झाला. चार-पाच दिवसांत रोमेलला मागे फिरावं लागलं. सतरा विमानांनी त्या लढाईत काय बदललं? माझ्या मते, काहीच नाही. गोबेल्सच्या प्रचारयंत्रणेला मात्र देखणा, तरुण नायक मिळाला. तो प्रचार आपण आजही वीरगाथा म्हणून वाचतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

गरुडझेप

पूर्ण असहमत. कुठल्या विमानावर झडप घालायची हे धोरण वरचे ठरवत होते. जर्मनांच्या स्टुका बॉम्बरांना संरक्षण देणं हे त्याच्या २७ व्या फायटर विंगचं काम. स्टुकांवर येतात ती शत्रूची लढाऊ विमानं, मग पडणार तीच.

आणि कौशल्याबद्दल एक शब्द नाही? ३ जून १९४२ ला लिबियातल्या बीर हकीमवर दक्षिण आफ्रिकेच्या पाचव्या स्क्वाड्रनची सहा टोमाहॉक त्याने अकरा मिनिटांत पाडली. समोरच्या वैमानिकांची पद्धत अशी की हल्ला झाला की गोल रिंगण धरायचं, म्हणजे प्रत्येकाची शेपूट मागचा सांभाळतो. या रिंगणात शिरणं म्हणजे मरण, असं सगळे मानत. हा एकटा आत शिरायचा, वेग मुद्दाम कमी करायचा, आतून घट्ट वळण घ्यायचा आणि विमान जिथे पोचणार त्या मोकळ्या जागेवर गोळ्या सोडायचा. पुढचा नेम आपोआप काढून देणारी यंत्रणा त्याच्या विमानात नव्हती, तो हिशेब सगळा डोक्यात. रोज मोहिमेवरून परतताना तो आपल्याच सोबत्यांच्या विमानांवर लुटुपुटीचे हल्ले करून हा सराव करी. ही विद्या मेहनतीने कमावलेली होती आणि तिला मान द्यायलाच हवा.

नितळ

गरुडझेप, विद्येबद्दल वाद नाही. पण त्या विद्येची किंमत कुणी मोजली तेही लिहा. तुकडीतले बाकीचे वैमानिक त्याची शेपूट सांभाळत आणि किती पाडली ते मोजत. मोजक्या तज्ज्ञांवर सगळा डोलारा उभा होता. त्याच १९४२ च्या सप्टेंबरात ६ तारखेला स्टाइनहाउझेन गेला, ७ तारखेला श्टालश्मिट (नावावर ५९ विमानं), ३० ला मार्सेय. मार्सेय गेल्यावर त्याच्या गटाचं मनोबल इतकं खचलं की त्यांना महिनाभर सिसिलीला हलवावं लागलं. एक माणूस गेल्यावर अख्खा गट लढण्याजोगा राहत नसेल, तर त्याला मी यश म्हणणार नाही.

रानवाट

मृत्यू कसा झाला तेही लिहायला हवं होतं. नवीन मेसरश्मिट १०९ जी घेऊन गेला होता. इंजिन पेटलं, कॉकपिटमध्ये धूर भरला, दिसेना. सोबत्यांनी रेडिओवरून वाट दाखवत त्याला आपल्या हद्दीत आणलं. विमान उलटं करून त्याने उडी घेतली आणि शेपटीचा फटका बसला. पॅराशूट उघडलंच नाही. शत्रूच्या गोळीने तो गेला नाही. मला तर ही गोष्ट वाचून त्या मुलाबद्दल फक्त दुःख होतं.

आणि माणूस म्हणून वाईट नव्हता हो. त्याने पाडलेल्या विमानातला ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनचा बायर्स जबर भाजला होता, तर हा शत्रूच्या तळावरून उडत जाऊन त्याची खबर देणारी चिठ्ठी टाकून आला. मॅथ्यू लेटुलू हा दक्षिण आफ्रिकेचा कृष्णवर्णीय युद्धकैदी त्याच्याजवळ मदतनीस म्हणून राहिला, आणि युद्धानंतर कित्येक वर्षांनी जुन्या जर्मन वैमानिकांच्या मेळाव्यालाही गेला. वंशद्वेष्टा माणूस असं वागतो का?

नितळ

रानवाट, लेटुलू कैदी होता. कैद्याला ‘माझं काम करशील का’ विचारल्यावर तो काय उत्तर देणार? मार्सेय त्याच्याशी चांगला वागला असेल, मी ते नाकारत नाही. पण त्यावरून त्याला नाझीविरोधी ठरवायला पुरावा पुरत नाही, आणि जर्मन लष्कराच्या इतिहास संशोधन विभागाने तपासून हेच सांगितलं आहे. तलवारींसह नाइट्स क्रॉस या मोठ्या शौर्यपदकापर्यंत सगळी पदकं त्याने स्वीकारली; त्यावरचे हिरे जाहीर झाले होते, ते हातात पडण्याआधीच तो गेला.

सातारी

या चर्चेत आपली माणसं कुठेच नाहीत, म्हणून लिहितो. २१ जून १९४२ ला ब्रिटिशांच्या ताब्यातलं लिबियातलं तोब्रुक पडलं, सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. २० जूनला पहाटे स्टुकांनी आधी तोब्रुकच्या आग्नेय बाजूचा भाग भाजून काढला, तिथे मराठाच होते, मग रणगाडे आत घुसले. माझे चुलत आजोबा त्या पलटणीत होते. घरात त्याबद्दल फार बोलणं झालं नाही.

मार्सेय त्या दिवशी तिथे नव्हता. १७ जूनला शंभरी गाठून तो सुट्टीवर जर्मनीला गेला होता. त्याच्यावर नसता आरोप मी करणार नाही. पण स्टुकांना सुखरूप नेणं-आणणं हेच त्याच्या विंगचं काम होतं, हे वर गरुडझेप यांनीच लिहिलंय. ते त्याचं समर्थन म्हणून वाचताना मला त्रास झाला, एवढंच.

गरुडझेप

सातारी, तुमच्या आजोबांना नमस्कार. तो मुद्दा मी त्या बाजूने पाहिला नव्हता, हे खरं.

तरीही मूळ प्रश्नावर ठाम आहे. योहान्नेस श्टाइनहोफ यांचं नाव आजच्या जर्मन हवाई दलाच्या एका विंगला अभिमानाने लावलेलं आहे. तेही हिटलरच्या हवाई दलाचे, लुफ्तवाफेचेच वैमानिक, त्यांच्या नावावरही १७० च्या वर विमानं. (बेशिस्तीला कंटाळून मार्सेयला आपल्या तुकडीतून बाहेर काढणारेही तेच.) श्टाइनहोफ वाचले, नव्या लोकशाही जर्मनीचं हवाई दल त्यांनी उभारलं, म्हणून नाव टिकलं. मार्सेयला बावीसच वर्षं मिळाली. पुढे तो कोण झाला असता हे कुणालाच सांगता येणार नाही. न जगलेल्या आयुष्याचा दंड त्याला का?

हॅम्बुर्गकर

हा या धाग्यातला सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि मला तो मान्य आहे. पण नाव काढणं हा दंड नाही. त्याची कबर तोब्रुकच्या जर्मन स्मारकात आहे, जिथे पडला तिथे जुन्या सोबत्यांनी छोटा पिरॅमिड बांधलाय. त्याला कुणी हात लावलेला नाही. छावणीचं नाव मात्र तिथे शिकणाऱ्या विशीतल्या पोरांसाठी असतं. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या जर्मन काँडोर लीजनच्या माणसांचा गौरव करू नये, असा १९९८ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला आणि त्या लीजनमधल्या म्योल्डर्स या वैमानिकाचंही नाव २००५ मध्ये काढलं. २०१८ च्या नियमांनुसार वेअरमाख्ट, म्हणजे नाझी काळातलं जर्मन सैन्य, ही संस्था आजच्या सैन्याची परंपरा होऊ शकत नाही. व्यक्ती घ्यायची तर तिने वेगळं, आजही अनुकरणीय असं काही केलेलं हवं. श्टाइनहोफनी १९४५ नंतर ते केलं. शुमान स्वतः आधी हवाई दलात स्टारफायटर ही लढाऊ विमानं उडवत होते, आणि नव्वदच्या आसपास माणसांची जबाबदारी अंगावर असताना गेले. त्या पोरांना रोज फाटकातून आत जाताना यांपैकी कुणाचं नाव दिसावं, याचं उत्तर मला अवघड वाटत नाही.

गरुडझेप

मला अजूनही वाटतं. दोन्ही नावं ठेवता आली असती.