लेखापरीक्षकाची ‘जबाबदारी’ नेमकी कोणती?

लेखापरीक्षकांच्या आचारसंहितेवरचा मजकूर मराठीत करते आहे. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ला जबाबदारी लिहिलं, पुढच्याच ओळीत ‘अकाउंटेबिलिटी’ आली आणि वाक्य असं झालं: ‘ताळेबंद तयार करणे ही संचालकांची जबाबदारी असून त्यावर मत देणे ही लेखापरीक्षकाची जबाबदारी आहे व त्या मताची जबाबदारी त्याच्यावर राहील.’ तीन जबाबदाऱ्या, आणि तिन्ही वेगळ्या! ‘उत्तरदायित्व’ घालून भागेल का?

— भागेल, पण आधी जबाबदारीकडेच नीट बघा. अरबी ‘जवाब’चा आपण जबाब केला, त्याला फारसी ‘दार’ लागला. जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे उत्तर मागता येतं तो. उत्तरदायित्वाचाही शब्दशः अर्थ तोच. रोजच्या वापरात मात्र आपण त्यातला जबाब गाळला आणि जबाबदारी म्हणजे नुसतं अंगावर घेतलेलं काम उरलं. तेव्हा पहिल्या दोन ठिकाणी सरळ ‘काम’ किंवा ‘कर्तव्य’ लिहा.

तिसऱ्या ठिकाणी मी ‘जाब’ वापरीन. जबाबचंच हे आटलेलं रूप. जबाबदारी ‘घेतली’ म्हटलं की वाक्य पुरं होतं. जाब ‘द्यायचा’ म्हटलं की लगेच ‘कोणाला?’ हा प्रश्न येतो. या व्यवसायातली खरी अडचण तिथेच आहे. तपासनिसाची फी कंपनी भरते, रोजची ऊठबस तिच्या अधिकाऱ्यांशी, आणि जाब द्यायचा तो भागधारकांना. हा ‘कोणाला’ मराठीत दिसलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

— वरच्याशी सहमत. त्याच मजकुरात ‘स्केप्टिसिझम’ (पुरावा तपासल्याशिवाय न मानण्याची वृत्ती) आला, तर त्यासाठी कृपया ‘संशय’ नको. संशय माणसावर घेतात. इथे पुराव्याबद्दल बोलायचं आहे. ‘चिकित्सक वृत्ती’ बरी. बँकेतल्या शिलकेचं पत्र कंपनीच्याच माणसाने आणून हातात दिलं, तर त्याला चोर न म्हणताही परीक्षक स्वतः बँकेला लिहितो आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवतो. ती चिकित्सा.

इंग्लंडमध्ये 1896 साली किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्ती लोप्स म्हणाले होते की लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे. व्यवस्थापकाने मालाचा साठा फुगवून दाखवला होता. त्याच्या दाखल्यावर विसंबलेले तपासनीस दोषी ठरले नाहीत. पुढे अपेक्षा वाढल्या. साठा मोठा असेल तर मोजणीच्या वेळी आज परीक्षकाने स्वतः हजर राहावं लागतं.

(जाता जाता: ‘ऑडिट’ लॅटिनमधल्या ‘ऐकणे’वरून आला, कारण पूर्वी हिशेब वाचून दाखवत. आपल्या ‘परीक्षणा’त सगळ्या बाजूंनी पाहणं आहे. मला आपला शब्द जास्त आवडतो.)

— आभार. आता असं केलंय: ‘ताळेबंद तयार करणे हे संचालकांचे काम आहे. त्यावर मत देणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य आहे आणि त्या मताबद्दल त्याने भागधारकांना जाब दिला पाहिजे.’ ‘जाब’ औपचारिक मजकुरात कडक वाटेल, पण ठेवते.