रजेनंतरची पगारवाढ: माझा अनुभव

एका ताईंनी लिहिलंय की, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पगारवाढ मागितली, तर बॉस म्हणाले, "सहा महिने तू नव्हतीसच, मग यंदा वाढ कशाची?" अगदी हेच वाक्य मी नागपूरच्या मिहान या उद्योग-क्षेत्रातल्या एका कंपनीत ऐकलंय.

तेव्हा लागू असलेला मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. रजेवर असताना बाईचं नुकसान होईल असा नोकरीच्या अटींत बदल करायला त्यात मनाई होती. पण दरवर्षी वाढ द्याच, असं कायदा म्हणत नाही. म्हणून नुसता कायदा दाखवून भागत नाही, हिशेब मांडावा लागतो.

मी काय केलं? रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधीच मेल टाकला. रजेआधीच्या सहा महिन्यांत काय काम केलं, कोणतं काम माझ्याविना अडलं, आणि बरोबरीच्यांना किती वाढ मिळाली, एवढंच. (शेवटचं चहाच्या टपरीवर कळतं, एचआरकडून नाही!) मूल्यमापन कामाच्या महिन्यांवर करा, गैरहजेरीवर नको, असं स्पष्ट लिहिलं. बाळाचा, पाळणाघराच्या खर्चाचा विषय काढलाच नाही. तो काढला की लगेच सहानुभूती मिळते, पैसे नाही.

पहिल्यांदा नकारच आला. "लेखी कारण द्या" म्हटल्यावर मात्र साहेब नरमले. पूर्ण नाही, पण इतरांच्या निम्मी वाढ मिळाली, बाकीची एप्रिलमध्ये.

ताई, तोंडी बोलणं झालं असेल तर आजच मेलवर उतरवून ठेवा बरं.