मदत हवी आहे: अनुभवी डावखुऱ्या जोडीदारासमोर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पोहोचत नाही

नमस्कार. मी हौशी बॉक्सिंगचा सराव करतो आणि अद्याप अधिकृत लढत खेळलेलो नाही. क्लबमध्ये माझ्या वजनाचा एकच जोडीदार असल्याने तो बदलण्याचा पर्याय नाही. तो राज्य पातळीवर खेळलेला व डावखुरा आहे. स्पारिंग (सरावाची लढत) 16 औंसाचे ग्लोव्ह्ज आणि हेडगार्ड घालून, 3 मिनिटांच्या 3 फेऱ्यांचे असते. तो जोर आवरून मारतो, त्यामुळे दुखापतीची तक्रार नाही.

अडचण अशी की मी जॅब टाकण्याआधीच तो पुढच्या उजव्या हाताने माझा डावा ग्लोव्ह खाली दाबतो, आपले पुढचे पाऊल माझ्या पावलाच्या बाहेर ठेवतो आणि त्याचा डावा सरळ ठोसा माझ्या दोन्ही हातांमधून आत येतो. प्रशिक्षकांच्या सांगण्यानुसार मी डावे पाऊल बाहेर ठेवून डावीकडे फिरत राहिलो, पण तिथे त्याचा उजवा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) तयारच असतो. जॅबऐवजी थेट उजव्या सरळ ठोशाने सुरुवात केली, तर तो अर्धे पाऊल मागे सरकून प्रत्युत्तर देतो, आणि हीच गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते.

डावखुऱ्यांशी नियमित खेळणाऱ्यांनी कृपया सांगावे: त्याचा पुढचा हात वाटेतून हटवण्यासाठी आधी छातीवर जॅब मारावा, हुलकावणी द्यावी, की त्याचाच हात वरून दाबावा?