शेतकरी आठवडी बाजार : दुसऱ्याचा माल विकू द्यायचा की नाही?

बांधावरचा
जुलै 2016 मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, म्हणजे तो समितीच्या आवाराबाहेरही विकता येऊ लागला. त्याच सुमारास राज्याच्या कृषी पणन मंडळाचं संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं. पिकवणाऱ्याने थेट खाणाऱ्याला विकावं, हा त्यामागचा हेतू. आज पुण्यातल्या अशा बाजारांत ‘शेतकरी ते ग्राहक’ या फलकाखाली सफरचंद मांडलेलं दिसतं. पुरंदर, जुन्नर किंवा मुळशीतल्या कुठल्या शेतातून ते येतं?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. गाळ्यावर फक्त स्वतःच्या शेतातला माल असावा. मार्केट यार्डातून, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारातून, पहाटे उचललेला माल सापडला तर तो गाळा बंद करावा. शेतकऱ्याच्या गाळ्यावर तीन ते सहा वाण, म्हणजे भाज्यांचे प्रकार, असतात आणि ते हंगामाप्रमाणे बदलतात. मालात लहानमोठं असतं. वीस-पंचवीस वाण, सगळा टोमॅटो एकाच मापाचा आणि खाली व्यापाऱ्याची खूण असलेली पोती दिसली की तो माल फिरून आलेला समजावा. खरा शेतकरी आपली काकडी चाळीसला देत असेल आणि शेजारचा यार्डातली तीसला, तर चार आठवड्यांत खरा शेतकरी येणं बंद करतो. बाजार भरतच राहतो, पण त्यात शेतकरी उरत नाही.

कोथरूडकर
दुखणं बरोबर सांगितलंत, पण औषध जालीम आहे. घरातून पिशवी घेऊन निघणाऱ्याला कांदा, बटाटा, लसूण, आलं, मिरची, लिंबू, कोथिंबीर ही सात जिन्नसं दर आठवड्याला लागतात. ती नसतील तर तो कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जातो आणि टोमॅटोही तिथूनच घेतो. मग तुमच्या खऱ्या शेतकऱ्याचीही विक्री बुडते.

बटाट्याचंच बघा. आंबेगावातल्या सातगाव पठाराचा खरिपाचा बटाटा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, रब्बीचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. एरवी पुण्यात येतो तो बहुतेक आग्रा-इंदूरकडचा, शीतगृहातला. तुमचा नियम लावला तर वर्षातले कित्येक महिने बाजारात बटाटाच नसेल. गुडघे दुखणाऱ्या आजींना दोन बाजार फिरायला लावायचे का?

खुरपं
ग्राहकाची सोय सगळेच मोजतात. मी गाडीचा हिशेब मांडतो.

छोट्या हत्तीत, म्हणजे लहान मालवाहू टेम्पोत, साधारण 750 किलो माल बसतो, म्हणजे वीस किलोचे तीस-पस्तीस क्रेट. दहा गुंठे वांगी आणि पाच गुंठे गवार असलेल्या शेतकऱ्याचे एका बाजाराला सहा-सात क्रेट होतात. तेवढ्यासाठी सासवडहून गाडी आणली तर भाडंच त्याला खाऊन टाकतं. म्हणून चार-पाच जणांचा माल एका गाडीत येतो आणि गाळ्यावर दोघंच उभे राहतात. उरलेले शेतातच असतात, कारण दुसऱ्या दिवशी तोडा असतो. हे दोघं काही दलाल नाहीत. ‘स्वतःच्या शेतातलाच’ हा शब्द कडक धरला तर पहिल्यांदा हेच बाहेर जातील. मार्केट यार्डातून उचलणाऱ्याच्या नावावर कुठेतरी सातबारा असतोच, त्यामुळे तो मात्र टिकेल.

सगळे वाण एकट्याने पिकवायचे म्हटलं तर पालेभाजीच घात करते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत तयार होते आणि पुढच्या चार-पाच दिवसांत काढली नाही तर निबर होते. बाजार आठवड्यातून एकदा. दहा गुंठे एकदम पेरली तर बहुतेक मेथी यार्डातच न्यावी लागते. त्यापेक्षा अशा चार-पाच शेतकऱ्यांच्या गटाने ठरवून दर आठवड्याला एक-दोन गुंठेच पेरावी. जमीन आणि हंगाम बरा असेल तर गुंठ्याला दीड-दोनशे जुड्या निघतात, आणि एका बाजारात तेवढ्याच खपतात. चार घरांनी आठवडे वाटून घेतले तर वर्षभर ताजी मेथी मिळते. असं नियोजन गटालाच जमतं, एकट्याला नाही.

बांधावरचा
@खुरपं, गटाबद्दलचं म्हणणं मान्य. ‘स्वतःचा’ऐवजी ‘गटाचा’ म्हणू. पण गट म्हणजे कोण, हे कागदावर हवं. सभासदांची यादी, गाव, जमिनीचा गट नंबर आणि कोणाकडे काय उभं आहे एवढं तरी. नाहीतर मार्केट यार्डही एक मोठा गटच आहे.

तागडी
कागद हवा म्हणता, तर त्याची मर्यादाही ऐका. 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीत मोबाइलवरून पिकाची नोंद करतो आणि ती सातबाऱ्यावर चढते. आयोजकाने ती पाहिली तर वांगी, टोमॅटो, डाळिंब, ऊस कोणाकडे आहे ते कळतं. पण तीस दिवसांच्या मेथीची, बांधावरच्या शेवग्याची, उसातल्या आंतरपिकाच्या कोथिंबिरीची नोंद बहुधा नसते. शिवाय दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतोच, आणि भाजीपाला करणाऱ्यांत असे पुष्कळ असतात. फक्त कागदावर गेलात तर कसणारा बाहेर आणि जमीनमालक आत, असं होईल.

त्यापेक्षा शेतावर जाऊन पाहा. तीन महिन्यांतून एकदा, न सांगता, दोन ग्राहक आणि दुसऱ्या गटाचा एक शेतकरी मिळून. शेतकरी सोबत हवाच. उभ्या पिकावरून किती माल निघेल हे त्यालाच समजतं. पाच गुंठे काकडीतून कोणी आठवड्याला हजार किलो विकत असेल तर ते त्याच्या लगेच लक्षात येईल.

आणखी एक, ज्यावर इथे कोणी बोललं नाही. काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हायला हवी आणि त्यावर वैधमापनचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का हवा. शिक्का असूनही वजन चुकतं, कारण काटा उतरत्या फरशीवर किंवा हलत्या टेबलावर ठेवलेला असतो. त्यावरच्या पातळीदर्शकातला बुडबुडा मधोमध आहे का ते पाहा. बाजाराच्या तोंडाशी शिक्क्याची एक आणि दोन किलोची वजनं आणि एक तपासणी काटा ठेवला तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पाटीवाली
सगळे शेतकरी आणि ग्राहकाबद्दल बोलताहेत. त्याच रस्त्यावर बाकीचे सहा दिवस उन्हापावसात बसणारी भाजीवाली कोणाच्या हिशेबात आहे? 2014 च्या पथविक्रेता कायद्याने तिला प्रमाणपत्र आणि जागेचा हक्क दिला. तरी बाजाराच्या दिवशी तिला उठवून तीच जागा मंडपाला दिली जाते. तिने पहाटे यार्डातून आणलेला माल त्या दिवशी पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी शिळा म्हणून निम्म्याने जातो.

आणि ‘फिरून आलेला माल’ हा शब्द शिवीसारखा वापरू नका. पहाटे तीनला उठून निवडणं, नासकं बाजूला काढणं, पावशेर-अर्धा किलो विकणं हेही कामच आहे. शेतकऱ्याच्या नावाने खोटं बोलून विकणं वाईट. विकत घेऊन विकणं वाईट नाही.

भाकरतुकडा
‘फक्त पिकवलेलं’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. रानभाज्यांचं काय करणार? शेवळं, करटोली, टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू. यातलं बरंचसं कोणीच पेरत नाही. मुळशी, मावळ, जुन्नरच्या डोंगरातून ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया त्या वेचून आणतात. त्यांच्याकडे ना सातबारा ना पीक पाहणी. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, पण शेवळांचा मोसम त्याआधीच, पहिल्या पावसाबरोबर येतो आणि जेमतेम काही आठवडे टिकतो. नियम लावताना ‘पिकवलेलं किंवा वेचलेलं’ असं लिहा. नाहीतर ज्या अन्नाला खरोखर स्थानिक म्हणावं तेच दाराबाहेर राहील.

या भाज्या विकताना बोलावं लागतं, आणि म्हणूनच त्यांची जागा याच बाजारात आहे. शेवळं घेताना विचारा, म्हणजे ती बाई सांगेल : हाताला तेल लावा, वरचं वेष्टण काढा, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून द्या, बारीक चिरून तेलावर चांगलं परता, मग काकड या रानझाडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालून शिजवा. आंबट कमी पडलं किंवा कच्चं राहिलं की घसा खाजतो. पाकिटात घालून दुकानात ठेवलेल्या शेवळांबरोबर हे ज्ञान मिळत नाही. मात्र ओळख नसताना स्वतः डोंगरावर जाऊन काही खुडू नये.

बचत गटाच्या भाकरीच्या गाळ्यालाही याच कारणाने जागा द्या. ज्वारी शेतकऱ्याची, भाकरी बायांची. दळण ताजं हवं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. बाजरीचं पीठ तर लवकरच कडू होतं. अन्न परवान्याची नोंदणी, हात धुवायचं पाणी आणि शेगडीजवळ वाळूची बादली, एवढं असल्याशिवाय गाळा देऊ नये.

कोथरूडकर
@भाकरतुकडा, रानभाज्यांवर दुमत नाही. खाण्याच्या गाळ्यांना माझा विरोध आहे. आधी एक भाकरीचा, मग वडापाव, मग चायनीज, मग पार्किंगची बोंब, आणि सोसायट्यांची तक्रार गेली की सगळा बाजारच बंद.

भाकरतुकडा
म्हणून आकडा ठरवा. वीस गाळ्यांमागे दोन, आणि त्यातलं मुख्य धान्य-भाजी त्याच बाजारातल्या गटाची. वडापावला आपोआप जागा उरत नाही. आणि तक्रारी भाकरीमुळे येतात असं मला वाटत नाही. फ्लॉवरचा पाला, मक्याची सालं, वाटाण्याच्या शेंगा रात्री तशाच पडून राहतात, त्यावर कुत्री-गाई येतात, तेव्हा सोसायट्या ओरडतात. रिकाम्या गाडीतून तो पाला गुरांसाठी परत नेणं ही अट घाला. आणि बाया दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत उभ्या असतात. जवळच्या सभागृहाचं किंवा शाळेचं स्वच्छतागृह उघडं असल्याशिवाय बाजाराला परवानगीच देऊ नये. हे मी सर्वांत वर ठेवीन.

तागडी
पाटीवालीताईंच्या आणि कोथरूडकरांच्या मुद्द्यांची गाठ घालता येईल. बटाटा, लसूण, आलं, लिंबू लागतंच, आणि ते बाराही महिने गटाकडे नसतं. त्यासाठी दोन वेगळे गाळे ठेवा, वर ठळक लिहा ‘खरेदी करून आणलेला माल’, आणि ते त्याच रस्त्यावरच्या प्रमाणपत्रधारक भाजीवालींना द्या. अट एकच : ज्या आठवड्यात गटाकडे तो जिन्नस असेल, त्या आठवड्यात तिथे तो ठेवायचा नाही. सातगावचा बटाटा आला की आग्र्याचा बाजूला.

शेतकरी गाळ्यांवर प्रत्येक क्रेटला पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्यावर नाव, गाव, तोडणीची तारीख. खर्च जवळपास शून्य. पालेभाजीवर आदल्या संध्याकाळची तारीख असेल तर घ्या. त्याहून जुनी असेल तर जुडीच्या मधोमध हात घालून पाहा. मेथी दाबून भरली की आतून गरम होते आणि पिवळी पडते. भेंडीवर पाणी मारलेलं असेल तर घेऊ नका, डाग पडून लवकर काळी होते.

पाटीवाली
दोन गाळे चालतील, पण कोपऱ्यातले नकोत. आणि जिला गाळा मिळाला नाही तिला त्या दिवशी नेहमीच्या जागेवरून उठवायचं नाही, हेही लिहून हवं.

बांधावरचा
चिठ्ठी, शेतभेट, वेगळा फलक, वेचलेल्या मालाला जागा, भाजीवालींची जागा अबाधित, हे सगळं मान्य. एका गोष्टीवर हटणार नाही. शेतकरी गाळ्यावर यार्डातला माल पहिल्यांदा सापडला तर एक महिना बंद, दुसऱ्यांदा कायमचा. दंड घेऊन सोडायचं नाही. दंड भरणं परवडतं, म्हणून तो भरला जातो.

खुरपं
महिनाभर बंदीने त्या माणसाबरोबर गटातल्या चार निर्दोष घरांचा मालही शेतात सडेल. बंदी त्या सभासदावर घाला, गाळ्यावर नको. क्रेटवर नाव असेलच ना?